उल्हास खोऱ्यातील दोन तारखा

वृत्तपत्रातील ‘दिनविशेष’ हे सदर वाचकांच्या सवयीचे असते. एका तारखेखाली जगभरातील घटना सालवार मांडलेल्या असतात आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे केवळ दिनदर्शिकेतील तो चौकोन. २६ जुलै ही तारीख उदाहरणादाखल घेता येईल. १९०२ साली याच दिवशी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये क्यूबात फिडेल कॅस्ट्रो यांच्या साथीदारांनी मोंकाडा लष्करी तळावर हल्ला चढविला. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. १९९९ मध्ये कारगिलची मोहीम विजयाने संपली. आणि २००५ मध्ये मुंबई व तिच्या परिसरावर आभाळ कोसळले. या पाच घटना एका ओळीत वाचताना कुतूहल जागे होते, पण एकीचे दुसरीशी नाते काही नाही. तारीख जुळली, एवढेच.

मात्र प्रत्येक वेळी तारखेचे जुळणे इतके निरर्थक नसते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून असलेल्या तीन शहरांच्या बाबतीत दोन तारखा विशेष आहेत. एक ८ ऑगस्ट आणि दुसरी २६ जुलै. दोन्ही तारखांना या परिसराच्या इतिहासात दोन-दोन घटनांची जोडी आहे. पहिल्या जोडीतील दोन्ही घटना एकाच इतिहासप्रवाहातील आहेत. दुसऱ्या जोडीला ऋतुचक्राचे अधिष्ठान आहे. पहिली जोडी स्मरणाची मागणी करते, तर दुसरी तयारीची. हा भेद लक्षात न घेता दोन्ही दिवस सारख्याच औपचारिकतेने साजरे करण्याची वा विसरून जाण्याची सवय लागली, तर त्याची किंमत या खोऱ्यात राहणाऱ्यांनाच मोजावी लागते.

ठराव आणि कोनशिला

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने ‘छोडो भारत’चा ठराव संमत केला. महात्मा गांधींनी ‘करेंगे या मरेंगे’चा मंत्र दिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली. त्यामुळे देशाच्या स्मरणात राहिला तो ९ ऑगस्ट, क्रांतिदिन म्हणून. ठरावाचा दिवस मागे पडला. परंतु त्या ठरावाचे पडसाद मुंबईच्या वेशीबाहेर फार लवकर उमटले. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईला वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. माथेरानचा डोंगर आणि सिद्धगड यांच्यामधला सखल पट्टा म्हणजेच उल्हास नदीचे खोरे.

याच खोऱ्याच्या खालच्या अंगाला, कल्याणच्या पूर्वेस, त्या काळात ब्रिटिश लष्कराची मोठी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मुक्कामासाठी उभारलेला हा ‘कल्याण कॅम्प’ दोन हजारांहून अधिक बराकींचा होता. म्हणजे एकीकडे साम्राज्याला ‘चालते व्हा’ म्हणून बजावणारा ठराव, तर त्याच मुलखात साम्राज्याच्या युद्धाची सामग्री. युद्ध संपले, सैन्य गेले, बराकी ओस पडल्या. पाठोपाठ फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून विस्थापित झालेली माणसे मुंबईच्या बंदरात उतरू लागली. त्यांच्यापैकी सुमारे एक लाख लोकांची रवानगी याच बराकींत झाली.

८ ऑगस्ट १९४९ रोजी, म्हणजे ‘छोडो भारत’च्या ठरावाला बरोबर सात वर्षे होत असताना, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. निर्वासितांच्या वसाहतीला नदीच्या नावावरून उल्हासनगर हे नाव मिळाले. हा दिवस शहराचा स्थापना दिन मानला जातो.

या दोन तारखांतील नाते अधिक खोलवर पाहिले पाहिजे. ज्यांच्या हस्ते कोनशिला बसली, ते राजाजी १९४२ च्या ठरावाच्या वेळी काँग्रेसमध्ये नव्हते. मुस्लिम लीगची मागणी तत्त्वतः मान्य करून लीगशी समझोता करावा, हा त्यांचा आग्रह त्या वर्षी पक्षाने फेटाळला होता. त्यातून त्यांनी आधी कार्यकारिणीचा आणि पुढे पक्षाचाही राजीनामा दिला. ‘छोडो भारत’चे आंदोलन त्यांना मान्य नव्हते. १९४४ मध्ये त्यांनी मांडलेली ‘राजाजी योजना’ही फाळणीच्या शक्यतेला सामोरे जाणारीच होती. पाच वर्षांनी तेच राजाजी स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय आणि अखेरचे गव्हर्नर जनरल म्हणून फाळणीने बेघर केलेल्या लोकांच्या वस्तीत उभे होते. स्वातंत्र्याचा निर्धार ज्या तारखेला झाला, त्याच तारखेला त्या स्वातंत्र्याच्या किमतीची नोंद एका दगडावर झाली. तारखांचे जुळणे योगायोग मानला, तरी घटनांची संगती योगायोगाची नाही. ठराव, युद्ध, छावणी, फाळणी, निर्वासित आणि नगर ही एकाच साखळीची कडी आहेत.

उल्हासनगरचे पुढचे रूप या साखळीतूनच समजते. वस्तीची नावे आजही ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ अशी लष्करी आहेत. बराकीतील एकेका खोलीत संसार मांडलेल्या माणसांनी पापड, मिठाई, कापड, फर्निचर आणि जीन्स यांचे व्यवसाय उभे केले. येथील मालाला लागलेले ‘मेड इन यूएसए’ हे विनोदी बिरूद सर्वश्रुत आहे. १९९६ मध्ये महापालिका झालेल्या या शहराचे क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाखांहून अधिक आहे. तात्पुरत्या मुक्कामासाठी आखलेल्या जागेत कायमचे शहर वाढले, तेव्हा बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले. मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि अखेर २००६ मध्ये राज्य सरकारला केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्थापना दिनाच्या उत्सवात निर्वासितांच्या जिद्दीचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु नियोजनाविना वाढलेल्या नगराचा प्रश्नही त्याच दिवशीच्या कोनशिलेशी बांधलेला आहे, याचे भान क्वचितच राखले जाते.

राजधानीची तारीख, खोऱ्याचा पूर

दुसरी तारीख २६ जुलै. महाराष्ट्रात ती आता विशेषनामासारखी वापरली जाते. साल सांगण्याचीही गरज उरलेली नाही. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुलाब्यात मात्र तो आकडा ७५ मिलिमीटरपर्यंतही पोहोचला नव्हता. राज्यभरात त्या पावसाने आणि दरडींनी हजाराहून अधिक बळी घेतले. पण सार्वजनिक स्मृतीत हा दिवस मिठी नदीचा, कुर्ला-कलिनाचा, रेल्वे रुळांवरून घरी चालत निघालेल्या मुंबईकरांचा झाला. चौकशी झाली, समिती नेमली गेली, मिठीचे पात्र रुंद करण्याची कामे निघाली, ती प्रामुख्याने राजधानीच्या दृष्टीने.

त्याच वेळी उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणचा सखल भाग पाण्याखाली घेतला होता. कल्याण-कर्जत लोहमार्ग ठप्प झाला. अनेक घरांत माणसे छपरांवर आणि वरच्या मजल्यांवर अडकली. मुंबईच्या पुराची चर्चा ज्या विस्ताराने झाली, त्या मानाने या पुराची वाच्यता झाली नाही. एका तारखेवर दोन नद्यांचा हक्क असताना मिठी लक्षात राहिली आणि उल्हास पुन्हा पूर येईपर्यंत विस्मरणात गेली.

तो पूर १४ वर्षांनी आला, तोही तारीख राखून. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरसाठी सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हास नदीच्या पुराने वेढली गेली. रुळांवर पाणी चढल्याने गाडी पुढेही जाईना आणि मागेही. सुमारे १,०५० प्रवाशांनी रात्र गाडीतच काढली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हवाई दल, पोलीस आणि परिसरातील ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी सर्व प्रवाशांची सुखरूप सुटका झाली. त्यांत गर्भवती महिलाही होत्या. बचावकार्याचे देशभर कौतुक झाले, आणि ते यथार्थ होते. पण एक प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. जो लोहमार्ग १८५६ पासून या खोऱ्यातून धावतो, त्यावर जुलैच्या अखेरीस पाणी चढू शकते हे २००५ मध्ये दिसून आले असताना, मुसळधार पावसाच्या रात्री गाडी त्या टप्प्यात शिरलीच कशी?

तिथी, तारीख आणि नक्षत्र

२६ जुलैची ही पुनरावृत्ती योगायोग मानायची की काय, याचे उत्तर शोधताना कालगणनेकडे वळावे लागते. इंग्रजी तारखेने घटना लक्षात ठेवण्याची रीत या मुलखात तशी नवीन आहे. अंबरनाथमध्ये वालधुनीच्या काठी असलेल्या शिलाहारकालीन शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ कोरलेला आहे आणि मम्वाणी राजाचा उल्लेख आहे. मंदिराची महाशिवरात्रीची यात्रा आजही तिथीनेच भरते. उल्हासनगरचा सिंधी समाज चेटीचंड साजरा करतो तोही चैत्र शुद्ध द्वितीयेला. त्या दिवशी पूजल्या जाणाऱ्या झुलेलालचे नाते पाण्याशी, सिंधू नदीशी आहे. तिथी चंद्रावर चालते आणि तारीख सूर्यावर, म्हणून दोन्हींचा मेळ दरवर्षी बसत नाही. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद महाराष्ट्राला ठाऊकच आहे.

परंतु शेतकऱ्याची पावसाची गणना या दोहोंपेक्षा वेगळी आहे. ती तिथीवर नव्हे, तर सूर्याच्या नक्षत्रांवर चालते. सूर्य मृगात गेला की पेरणीची लगबग सुरू होते, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस आणि त्यानंतर पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस. नक्षत्रे सूर्याची असल्यामुळे त्यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात. पुष्य नक्षत्र २० जुलैच्या सुमारास लागते आणि २-३ ऑगस्टला संपते. २६ जुलै ही तारीख त्याच्या जवळजवळ मध्यावर येते.

आता या पंधरवड्यातील आपत्तींची यादी पाहावी. २४ जुलै १९८९ रोजी अंबा नदीच्या पुराने रायगड जिल्ह्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त केले. २००५ च्या जुलैमध्ये, मुंबईतील प्रलयाच्याच सुमारास, महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथे दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर तीच वेळ आली आणि त्याच सुमारास बदलापूरच्या सखल वस्त्यांतही उल्हासचे पाणी शिरले. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पुष्य लागण्याच्या उंबरठ्यावर, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. या यादीशेजारी २००५ आणि २०१९ च्या २६ जुलैच्या नोंदी ठेवल्या की त्या एकट्यादुकट्या राहत नाहीत.

यामागे नक्षत्रांचे सामर्थ्य नसून साधे निसर्गशास्त्र आहे. जूनच्या मध्यापासून सतत पाऊस पिऊन जुलैच्या अखेरीस सह्याद्रीच्या उतारावरील माती संपृक्त झालेली असते. तिच्यात आणखी पाणी मुरण्यास वाव उरत नाही आणि पडलेला जवळपास प्रत्येक थेंब ओढ्या-नाल्यांकडे धावतो. धरणे भरत आलेली असतात. मोसमी पाऊस ऐन जोरात असताना बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा आणि कोकण किनाऱ्यालगतची द्रोणीय स्थिती एकाच वेळी सक्रिय झाल्यास अतिवृष्टी होते. त्यात मोठी भरती आली, तर खाडीच्या तोंडाशी नदीचे पाणी थोपले जाते. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणी असा प्रवास करीत बदलापूरला येते, तिला वाटेत बारवी मिळते, पुढे कल्याणजवळ काळू-भातसाचे पाणी मिळते आणि मग ती खाडीला लागते. घाटमाथ्यावरील पाऊस आणि खाडीतील भरती यांच्या मध्ये ही शहरे वसली आहेत.

अर्थात, दर २६ जुलैला पूर येईल असा याचा अर्थ नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्यात बुडाली, ती तारीख या पंधरवड्याबाहेरची आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटल्याने आला होता. तारीख भाकीत करीत नाही. मात्र कोणत्या पंधरवड्यात डोळ्यांत तेल घालून जागे राहायचे, हे ती निश्चितपणे सांगते. मोंकाडा आणि कारगिल यांच्या तारखांतील साम्य जसे अर्थशून्य आहे, तसे २००५ आणि २०१९ यांच्या तारखांतील नाही.

निळी रेषा, लाल रेषा

प्रश्न असा की या ज्ञानाचा उपयोग कोण करतो? जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर पूररेषा आखतो. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित मानला जातो. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. प्रत्यक्षात बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली यांसारखे नदीलगतचे भाग गेल्या दोन दशकांत इमारतींनी भरत गेले. पूररेषा हा तेथे सुरक्षिततेपेक्षा बांधकाम परवानगीचा विषय बनला. रेषेमुळे विकास अडतो ही बिल्डरांची तक्रार आणि आमच्या घराचे काय ही रहिवाशांची चिंता, या दोहोंच्या गदारोळात नदीची बाजू मांडणारे कोणी उरत नाही.

लोकसंख्येचे आकडे या दबावाचे मूळ दाखवितात. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. म्हणजे २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांच्या बरोबरीने तो न पाहिलेले रहिवासी त्या शहरात दहा वर्षांच्या आत आले. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोकलचा दीड तासाचा प्रवास पत्करून आलेल्या या कुटुंबांना सदनिका विकताना नदीचा काठ ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणून दाखविला जातो. २००५ मध्ये त्याच जागी पाणी कोठवर चढले होते, हे कोणत्याही जाहिरातपत्रकात छापलेले नसते. शहराची स्मृती आणि शहराची लोकसंख्या यांच्यातील ही तफावत पुराइतकीच धोकादायक आहे.

वालधुनीची कथा निराळी नाही. अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाणाऱ्या या छोट्या नदीचे पात्र भराव, अतिक्रमणे आणि कारखान्यांचे सांडपाणी यांनी आवळत गेले. आठ महिने नाला म्हणून हिणवली जाणारी वालधुनी जुलैच्या अखेरीस आपले मूळ पात्र मागू लागते, तेव्हा तिच्या वाटेत अनेकांचे संसार मांडलेले असतात.

येथे दोन्ही तारखा एकमेकींना भेटतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी स्थापन झालेल्या नगराने निर्वासितांना निवारा दिला, पण नियोजनाचा धडा मागे ठेवला. तो न गिरवल्याची फळे २६ जुलैला दिसली. उल्हासनगरमध्ये जे घडले, ते फाळणीच्या अगतिकतेतून घडले होते. लाखभर माणसांना तातडीने छप्पर हवे होते. आज बदलापूर-अंबरनाथमध्ये जे घडत आहे, त्याला तशी सबब नाही. नकाशे आहेत, पावसाच्या नोंदी आहेत, दोन पुरांचा अनुभव आहे.

उपाय अवघड नाहीत. २००५ आणि २०१९ च्या पुराची पातळी दाखविणाऱ्या खुणा नदीकाठच्या पुलांवर, शाळांवर आणि इमारतींच्या प्रवेशद्वारांवर ठळकपणे रंगविता येतील. पूररेषेचा नकाशा पालिकेच्या कार्यालयात आणि सदनिकेच्या करारनाम्यात जोडणे बंधनकारक करता येईल. धरणांतून पाणी सोडण्याची पूर्वसूचना, नदीच्या पातळीची नोंद आणि रेल्वेचे वाहतूक नियंत्रण यांची सांगड निदान २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात चोवीस तास ठेवता येईल. महापालिका आणि दोन्ही शहरांचे प्रशासन वेगळे असले, तरी नद्या त्यांच्या हद्दी मानत नाहीत. तेव्हा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तरी संपूर्ण खोऱ्यासाठी एक असावा.

‘दिनविशेष’च्या सदरात २६ जुलै दरवर्षी येणारच आहे आणि शाहू महाराजांच्या आदेशाखाली, कारगिलच्या विजयाखाली २००५ च्या महापुराची एक ओळ छापली जाणार आहे. तीन शहरांतील वाचकांनी ती ओळ इतिहास म्हणून वाचावी की इशारा म्हणून, हे ठरण्यासाठी त्यांच्या नगरप्रशासनांनी दर वर्षी २५ जुलैपर्यंत काय केले, याचा हिशेब मागितला गेला पाहिजे.